अकरा नंबरचं पान

तिने फाइलची पिन उपसली, अकरा नंबरचं पान वेगळं काढलं आणि खिडकीशी उजेडात नेऊन पुन्हा वाचलं. मग वळून विचारलं,

"हे तुम्हांला तिकडे कधी दिलं होतं?"

समोरच्या खुर्चीत नवा खेळाडू आपले पाय कुठे ठेवावेत या विवंचनेत बसला होता. साडेसहा फुटी माणसाला कुठल्याच कचेरीत धड बसता येत नाही. गेला हंगाम तो नदीपलीकडच्या क्लबकडून खेळला होता आणि कालच इकडे दाखल झाला होता. बाहेरून आलेल्या खेळाडूने पहिली दुपार तिच्या खोलीत काढायची, ही क्लबची जुनी पद्धत. 'तिकडे आमच्याबद्दल काय सांगत होते?' एवढा एकच प्रश्न असे. बहुतेक जण खांदे उडवून मोकळे होत. याने मात्र पिशवीतून अख्खी फाइलच काढून टेबलावर ठेवली. आपण किती कामाचे आहोत हे पहिल्याच दिवशी दाखवायची हौस, दुसरं काय.

"उपांत्य सामन्याच्या आधी दिली," तो म्हणाला. "पाठ करायला लावली होती सगळ्यांना. ताई, माझं काही चुकलं का?"

"नाही रे. तुझं काही नाही चुकलं."

पानावर छापलं होतं : 'अकरा नंबर. उंची आणि हात उत्तम. थकला की पाहुण्यासारखा वागतो, चेंडू मागत नाही, दिला तर घेतो. शेवटच्या दहा मिनिटांत फक्त डाव्या खांद्यावरून वळतो. डावी बाजू अडवावी.'

पाहुण्यासारखा वागतो. बास्केटबॉलच्या अहवालात असलं वाक्य लिहिणारं माणूस साऱ्या स्पर्धेत एकच होतं, आणि ते आत्ता खिडकीशी उभं होतं.

हंगामाच्या आधीचा दीड महिना तिच्या कामाचा. खोलीच्या भिंतीवर दहा संघ, प्रत्येकाची बारा कार्डं. कोण सुट्टीत सुटला, कोणाचा गुडघा अजून कुरकुरतो, कोण नव्या प्रशिक्षकावर रुसून बसलाय, कोणाला उगाच डोक्यावर चढवून ठेवलंय. रेकॉर्डिंगं पाहून, सराव सामन्यांना मागच्या बाकावर बसून ती सगळ्यांची झाडाझडती घ्यायची. नऊ संघ परक्यांचे आणि दहावा आपला. तो मात्र शत्रूने लिहावा तसा लिहायचा, जराही दयामाया न दाखवता, म्हणजे प्रशिक्षकांना आपली भोकं आधीच दिसतात. क्लबात तिला दुर्बीण म्हणत. हे नाव तिला सरांनी दिलं होतं.

सर म्हणजे तिच्या आधीचे मुख्य निरीक्षक. ती महिला संघातून खेळत होती तेव्हापासून तिला ओळखणारे. गुडघा गेल्यावर तिला घरी न पाठवता त्यांनी शेजारी बसवून बघायला शिकवलं. पहिला धडा होता, डावं-उजवं नेहमी खेळाडूचं लिहायचं, आपलं नाही. समोर बसलेल्या माणसाच्या हातून हमखास होणारा घोटाळा तो, आणि त्यापायी सामने जातात. सर निवृत्त झाले, क्लबने त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि त्यांचा पास बंद केला. तिने मात्र शिरस्ता सोडला नाही. आपल्या संघाची बारा पानं ती आधी चौकटीच्या कागदावर हाताने लिहायची आणि सरांकडे नेऊन द्यायची. आठ दिवसांनी परत आणायची तेव्हा प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीची बरोबरची खूण असे, कुठे एखादा शब्द खोडलेला. मग ती टाइप करून प्रशिक्षकांना देई.

पानं इमारतीबाहेर न्यायची नाहीत, असा नियम होता. तो सरांनीच केला होता, त्यामुळे सरांना तो लागू असेल असं तिच्या मनातही आलं नाही.

आणि गेल्या वर्षी नेमका तो घोटाळा तिच्याकडून झाला होता. अकरा नंबर, ज्याला सगळे जिराफ म्हणत, थकला की उजवीकडून वळायचा. तिने डावीकडून लिहिलं. टाइप करताना रेकॉर्डिंग पुन्हा लावलं तेव्हा चूक सापडली आणि प्रशिक्षकांच्या प्रतीत तिने ती सुधारली. चौकटीच्या कागदावर तशीच राहिली, खाली सरांच्या लाल खुणेसकट. सरांच्या नजरेतून हे सुटलं कसं, याचं तिला नवल वाटलं होतं. वय झालं, म्हणून ती त्यांच्याजवळ बोलली नाही. उगाच कशाला लाजवायचं.

म्हणजे जगात अकरा नंबरचं चुकलेलं पान एकच होतं आणि ते दोनच ठिकाणी राहिलं होतं, तिच्या कपाटात आणि सरांच्या घरी.

आता तिला नदीपलीकडच्यांशी झालेला उपांत्य सामनाही उमगला. त्या दिवशी जिराफच्या डावीकडे दोन-दोन जण ठाण मांडून होते आणि उजवीकडे बैलगाडी जाईल एवढी वाट मोकळी. त्याने सव्वीस गुण केले, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. बाकीच्या अकरा जणांची पानं बरोबर होती, त्यांना मात्र हलता येईना. सामना तीन गुणांनी गेला आणि जिराफ सोडून सगळ्यांनी महिनाभर बोलणी खाल्ली.

ती नाकासमोर चालणारी. फाइल घेऊन तडक संचालकांकडे गेली. त्यांनी चार पानं वाचली आणि चष्मा काढला.

"भाषा तुझी आहे."

"हो."

"बाहेर कशी गेली?"

तिने टेबलावरची फाइल मिटून जवळ घेतली.

"उद्या दहा वाजता मला लेखी दे. कसं गेलं आणि कोणाकडून गेलं. तेरा वर्षं डोळ्यांत तेल घालून काम केलंस, म्हणून एक रात्र देतोय. दिलं नाहीस तर मला दुसरी दुर्बीण शोधावी लागेल, आणि का शोधली ते सगळ्या क्लबांना कळेल."

तिने कपाटातून गेल्या वर्षीची बारा पानं काढली, पिशवीत घातली आणि बाहेर पडली. सरांचं घर चालत वीस मिनिटांवर. वाटेत ती मनातल्या मनात भांडत होती. पान समोर आपटायचं आणि विचारायचं, तुम्हांला दुसरं कोणी मिळालं नाही का केसाने गळा कापायला? तिसऱ्या मजल्यापर्यंत जिने चढेतो वाक्य चांगलं धारदार झालं होतं.

दार काकूंनी उघडलं.

"आलीस बाई. हे दोन दिवस वाट बघतायत. यंदा उशीर केलास."

सर खिडकीकडे पाठ करून आरामखुर्चीत बसले होते. मान न वळवताच म्हणाले,

"दुर्बीण आली वाटतं. डावा पाय अजून ओढतेस."

"सर," ती म्हणाली आणि पिशवीतून पानं काढली. धारदार वाक्य जिन्यातच कुठेतरी राहिलं असावं. "ही बघा."

"यंदाची?"

पानांच्या कडा पिवळसर झाल्या होत्या. वरच्या पानावर तिच्या चहाच्या कपाचं जुनं वर्तुळ होतं, आणि कोपऱ्यात त्यांची स्वतःची लाल खूण, ठसठशीत. तिने सरांच्या तोंडाकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "यंदाची."

काकू चहा घेऊन आल्या. कप ठेवत हलकेच म्हणाल्या, "उजव्या हाताला ठेवलाय हं." तिच्याकडे न बघता त्या परत स्वयंपाकघरात गेल्या.

सरांनी चष्मा चढवला. शर्टाच्या खिशातून लाल पेन्सिल काढली. पान डोळ्यांसमोर धरलं, ओठ किंचित हलवले, तेरा वर्षं ती पाहत आली होती तसेच. मग अंगठ्याने पानाचा खालचा उजवा कोपरा चाचपला आणि अंगठ्याशेजारी खूण केली. पान उलटलं. पुन्हा अंगठा, पुन्हा खूण. ती शेजारच्या स्टुलावर बसून बघत होती. बघणं हेच तिचं काम होतं आणि तेही याच माणसाने शिकवलेलं.

दहा पानं झाली तरी चहातली वाफ गेली नव्हती.

"अकरा नंबर कसा वाटतो सर?" तिने विचारलं. आवाज नेहमीसारखा निघाला याचं तिलाच आश्चर्य वाटलं.

सरांनी पान जरा दूर धरलं, जवळ आणलं.

"सुधारलाय," ते म्हणाले. "बरोबर पकडलंस त्याला. इथे मला काही सुचवायचं नाही."

आणि खूण केली. जुन्या खुणेला खेटून, किंचित तिरकी, 'अडवावी' या शब्दाच्या शेपटावर.

चोराशी भांडायची तयारी करून ती आली होती. पानं दिली, हे तिने वाटेतच कसंबसं गिळलं होतं. माणूस मोहात पडतो, रागावलेला असतो, क्लबने त्यांनाही कुठे नीट वागवलं होतं. पण निदान वाचून दिली असतील. 'पाहुण्यासारखा वागतो' हे वाचून एकदा तरी खुदकन हसले असतील. तिची वाक्यं लिहिताना तिला ते हसणं ऐकू यायचं, खरं तर त्या हसण्यासाठीच ती तशी लिहायची. तेही नव्हतं. रिकाम्या खोलीतल्या खुर्चीला ती कोण जाणे किती दिवस गोष्ट सांगत होती.

"झकास," सर म्हणाले. पानं सारखी करून त्यांनी मांडीवर ठेवली. "राहू दे इथेच. आठ दिवसांनी ने. अजून एकदा नजर टाकतो."

"नाही सर. या वेळी मला हवीत."

तिने पानांचं दुसरं टोक धरलं. क्षणभर दोघांनीही सोडलं नाही. मग सरांची बोटं सैल झाली. हात मात्र थोडा वेळ तसाच हवेत राहिला.

"बरं," ते म्हणाले. "डावं-उजवं नीट बघितलंस ना?"

"खेळाडूचं, सर. आपलं नाही."

"शाबास."

जिन्यापर्यंत काकू पोचवायला आल्या. दार त्यांनी मागे ओढून घेतलं.

"तू मुद्दाम जुनी आणलीस ना?" त्यांनी विचारलं. "चहाचा डाग माझ्या ओळखीचा आहे. गेल्या वर्षी मीच पुसायला गेले होते."

तिने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"दोन वर्षं झाली. कडेकडेचं दिसतं, मधलं सगळं धुरकट. कोणाला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातलीय. तुला तर मुळीच नाही." काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "तिकडचे लोक गाडी पाठवतात. सल्लागार म्हणतात ह्यांना, पहिल्या रांगेत बसवतात. काय सल्ला देणार हे? तुझी पानं घेऊन जातात, आपली म्हणून. आले की दोन दिवस खुशीत असतात. मी एकदा बोलले, पोरीला तोंड कसं दाखवाल? तर म्हणाले, तिचं काम चांगलंच असतं, त्यात बघायचं काय."

"असं म्हणाले?"

"हो. कौतुकानेच म्हणाले गं."

दुसऱ्या दिवशी नऊलाच ती खोलीत येऊन बसली. भिंतीवर दहा संघ होते, दहाव्याची बारा कार्डं अजून कोरी. खाली मैदानावर नवा खेळाडू एकटाच सराव करत होता, त्याच्या बुटांची करकर वरपर्यंत येत होती. तिने हिशेब केला. दोन हंगाम, चोवीस पानं, आणि तपासणारं कोणी नाही. त्यांत एक चूक, तीही तिची तिलाच सापडलेली. एरवी कोणी सांगितलं असतं तर तिला अभिमान वाटला असता.

तिने चौकटीचा कागद ओढला. संचालकांना पत्र लिहायला तिला चार ओळी पुरल्या. पानं माझी आहेत. ती इमारतीबाहेर मीच नेली, नियम मला ठाऊक होता. तिकडच्या क्लबात ती सरांकडून गेली. चौथी ओळ लिहून झाल्यावर तिने ती सवयीने पुन्हा वाचली.

'आपल्या संघाची पानं मी दरवर्षी सरांना तपासायला देत असे.'

जिन्यात संचालकांची पावलं वाजली. तिने 'तपासायला' या शब्दावर एक आडवी रेघ मारली, बाकी वाक्य तसंच ठेवलं आणि खाली सही केली.