महाराजांची फणी

लाँड्रीमागच्या खोलीत भरदुपारी पडदे ओढलेले असत आणि आत चाळीस-पन्नास माणसं आपापली मांजरं-कुत्री कवटाळून बसलेली असत. महाराज जनावराच्या पाठीवर जांभळा दिवा धरत. केसांत हिरवे ठिपके चमकू लागत आणि खोलीभर “अगं बाई” उठे.

“दिसली बाधा? आता तरी शंका घेऊ नका,” महाराज म्हणत. मग ते फणीने जनावराला डोक्यापासून शेपटीपर्यंत विंचरत, काहीतरी पुटपुटत आणि ठिपक्यांवर काळं मलम थापत. पुन्हा दिवा धरला की ठिपके गायब. लोकांचे हात आपोआप जोडले जात.

त्याच गल्लीच्या टोकाला माझा जनावरांचा दवाखाना आहे. गोचिड्या, खरूज आणि जंत यांच्यात माझी पंधरा वर्षं गेली. हा तमाशा माझ्या कानावर होता, पण कोण यांच्या नादी लागणार म्हणून मी दोन महिने गप्प बसले. त्याची मला अजून लाज वाटते.

एके दुपारी शिवणकाम करणारी शेजारीण रडत आली. तिच्या आठ वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर चट्टा पडला होता, आणि दिव्याखाली त्याच्या कडेचे केस हिरवे चमकले होते.

“मांजरीची बाधा पोरीत शिरली म्हणाले,” ती म्हणाली. “ह्यांनी आणि सासूबाईंनी तिला चार दिवस माळ्यावर कोंडलंय. आज संध्याकाळी मांजरीला पोत्यात घालून नदीत सोडणार आहेत. बाई, मी एकटी काय करू?”

मी तिच्या घरी जाऊन मांजरीला तपासलं आणि माळ्याच्या जाळीतून मुलीचा चट्टा पाहिला. दोघींनाही साधा नायटा होता. पण महिन्यापूर्वी याच मांजरीला मी लस टोचली होती आणि तेव्हा तिच्या अंगावर एक डाग नव्हता.

“हिला महाराजांकडे कधी नेलंत?”

“लशीनंतर दोन दिवसांनी. सगळे नेत होते म्हणून. पोरीच्या केसांतूनही त्यांनी फणी फिरवली, आशीर्वाद म्हणून.”

माझं डोकंच फिरलं. मांजर काखेत मारली, दवाखान्यातून माझा दिवा उचलला आणि तडक लाँड्री गाठली. शेजारीण मागोमाग आली.

“महाराज, हा दिवा माझ्याकडेही आहे,” मी म्हणाले. “आम्ही त्याने नायटा तपासतो. त्याची बुरशी लागलेले केस या उजेडात पुष्कळदा हिरवे दिसतात.”

“शिकलेल्यांना शक्ती दिसत नाही, बाई.”

“मग तुमची फणी दाखवा.”

महाराजांनी ती मांडीखाली सरकवली. खोलीचा मालक असलेल्या लाँड्रीवाल्याने ती ओढून माझ्या हातात दिली. मी दिवा धरला. फणीच्या दातांत अडकलेले केस हिरवेगार चमकत होते. मग मांजरीच्या पाठीवरचं मलम ओल्या फडक्याने पुसलं. खाली ठिपके जागच्या जागी होते.

“मलमाने फक्त झाकलं जात होतं,” मी सगळ्यांना सांगितलं. “निरोगी जनावरं तुम्ही इथे आणलीत. याने एकाच फणीने नायटा घरोघर वाटला आणि पुढच्या खेपेला तोच चमकला की त्याला बाधा म्हणून तुमच्याकडून हात जोडून घेतले.”

“मी कुणाला बोलवायला गेलो होतो?” महाराज पुटपुटले.

“तुम्ही माझ्या पोरीला विंचरलंत,” शेजारीण म्हणाली. तेवढंच बोलून ती घरी निघाली. मीही मागोमाग गेले. तिने नवऱ्याच्या हातून माळ्याची किल्ली हिसकावून घेतली.

पोरगी डोळे चोळत खाली उतरली. “मी हात लावला तर आई मरेल का?” तिने मला विचारलं.

“नाही गं. नायटा लागतो, पण त्याने कुणी मरत नाही. तुझे डॉक्टर गोळ्या देतील, मांजरीला मी औषध देते. दोन-तीन महिन्यांत दोघी बऱ्या व्हाल.”

काही चमकताना दिसलं तर हात जोडण्याआधी विचारा, हे का चमकतंय? हा प्रश्न विचारायला शिकलेलं असावं लागत नाही. आम्ही कुणीच तो विचारला नाही, म्हणून आठ वर्षांची पोर चार दिवस आईला शिवायला घाबरत होती.