माझ्या पाठीवरचं यान

मी धारणीकडची जुनी जीप बोलतेय. सध्या उभी आहे, पण जिवाला स्वस्थता नाही.

पहिल्या मालकानं मला अमरावतीत मिरवलं आणि कंटाळा आल्यावर अंजनगाव सुर्जीच्या तौहीदला विकलं. त्यानं मला मेळघाटात आणलं. इथे माझ्यात माणसं कोंबतात, टपावर कोंबड्या बांधतात आणि मी बंद पडले की मलाच शिव्या घालतात.

गेल्या पंधरा ऑगस्टला शाळेनं माझ्यावर चांद्रयान बांधलं. फळ्या, पुठ्ठे, चंदेरी कागद. मागे पाटी : 'आम्हाला देशाचा अभिमान आहे.' धारणीच्या मिरवणुकीत पहिलं बक्षीस आपलंच, असं रागिणी मॅडमना वाटत होतं. खरं सांगते, मलाही वाटत होतं. जन्मात पहिल्यांदा मला कुणी सजवलं होतं. पोरं घोषणा देत मागून येत होती.

वळणावर मनकर्णाबाई आडवी आली. सोबत सून आचल, कळांनी वाकलेली.

"तौहीदभाऊ, इले दवाखान्यात ने. कावून पाहून राहिला नुसता?"

"निजवू कुठी, मावशी? मांगं यान हाये न."

सगळे मॅडमकडे बघू लागले. मॅडम पाटीकडे बघत राहिल्या. महिनाभराची मेहनत होती ती. मग म्हणाल्या, "सोडा रे पोरांनो. लवकर."

सुटेल तर ना! पावसात भिजून सुतळीच्या निरगाठी आवळल्या होत्या. पोरं नखांनी, दातांनी ओढत होती, आचल चिखलातच बसली होती आणि मी नुसती धडधडत उभी. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. शेवटी मनकर्णाबाईनंच कमरेला खोचलेल्या विळ्यानं सुतळ्या कापल्या.

लगतच्या नाल्यात मी रुतलेच. तेव्हा कुणी न सांगता पोरांनी यानाच्या फळ्या धावत आणल्या आणि माझ्या चाकांखाली सारल्या. ती पाटीसुद्धा. मी तिच्यावरून बाहेर आले.

आचलला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. बक्षीस दुसऱ्या शाळेला गेलं.

तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय, अभिमान वाटावा की नाही? त्या पोरांचा वाटतो, फार वाटतो. रस्त्याची लाज वाटते. देश तर पोरांचा आणि रस्त्याचा एकच, मग मी काय करू? नाला अजून तसाच आहे.

आज पोरं पुन्हा सुतळी घेऊन आलीत. यंदा काय बांधणार कोण जाणे. बांधा बाबांनो, मला नटायला आवडतं. पण या वेळी निरगाठ नको, सुरगाठ मारा. मनकर्णाबाईच्या धाकट्या सुनेला नववा लागलाय.