आल्फिओची दाढ

आल्फिओने जबडा उघडला आणि बोटाने शेवटची दाढ दाखवली.

"मेली का बघ. पण उपटायचं नाव काढू नकोस, पोरी. हिच्याच जिवावर माझे बदाम चालतात."

दंतवैद्य वेनेरा हसली. एटना ज्वालामुखीच्या उतारावरच्या त्या गावात आल्फिओकाकाची दाढ कुणाला ठाऊक नव्हती? रोज सकाळी तो अंगणातल्या विहिरीचं बर्फगार पाणी प्यायचा, दाढेत कळ जायची आणि तो असा बोंबलायचा, की त्या बोंबेवर पाद्री घंटा वाजवायचा आणि तीन गल्ल्यांतल्या कोंबड्या अंडी घालायच्या. आठवडा झाला, बोंब नाही. घंटा उशिरा, अंडी बंद. ज्वालामुखीचं नाव गावात कुणी घेत नसे, 'वरची' म्हणत. हल्ली तीही गप्पच होती.

"लवंगेचं तेल लावलंत?"

"थेंबभर नाही."

"दाताच्या आत, भिंतीला लागून, पेशी रांगेनं उभ्या असतात. भिंतीतल्या बारीक नळ्यांत बोटं घालून. गारवा पोचला की त्यांच्या अंगावरची दारं उघडतात आणि नसेला निरोप जातो. लवंग ती दारं बंद करते. तुम्ही तर लावली नाही. मग पहारेकरणीच मेल्या असतील."

"मेल्या तर मेल्या. मयताला मी येणार नाही."

तिने बर्फाची कांडी दाढेला टेकवली.

आल्फिओ खुर्चीसकट उडाला. समोरच्या न्हाव्याचा वस्तरा हवेतच थांबला.

"काका जिवंत आहेत रे!" न्हावी ओरडला. चर्चमध्ये, सवयीने, घंटा वाजली.

"जिवंत आहे माझी राणी!" आल्फिओच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याने ओल्या फडक्यात गुंडाळलेली वाइनची बाटली पुढे केली. "घे, तुझी फी. गार व्हायला रात्रभर विहिरीत सोडली होती, आत्ताच ओढली वर."

वेनेराने बाटली घेतली. फडकं सोडलं. बाटली गालाला लावली आणि तापलेल्या लेकराचं कपाळ पाहावं तशी धरून ठेवली.

"काका, काकू कुठेत?"

"आगातिना? विहिरीवर कपडे धुतेय. खूश आहे. म्हणते, यंदा पाण्यानं बोटं बधिर होत नाहीत, सगळी संतांची..."

त्याने बाटलीला हात लावला. कोमट. तोंड उघडंच राहिलं.

वेनेरा खणात गाडीची किल्ली शोधू लागली. खिडकीतून 'वरची' अख्खी दिसत होती. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.