बोटभर आखूड पायाचं स्टूल

मी एक जुनं लाकडी स्टूल आहे. माझे तीन पाय सारखे आहेत आणि चौथा बोटभर आखूड. त्यामुळे माझ्यावर बसणारा जरा डुलतो. मित्रांनो, माझी गोष्ट ऐकायची असेल तर आधी खाली टेका. उभ्या माणसाला गोष्ट सांगणं मला जमत नाही.

माझा जन्म लष्करी इस्पितळाच्या तंबूत झाला. औषधांच्या खोक्यांच्या फळ्या, तेच माझं अंग. मला घडवणारा जवान फौजेत येण्याआधी सुतार होता. त्याचा हात गोळी लागून जखमी झाला होता. तिथल्या एक तरुण नर्स, त्यांना सगळे सिस्टरबाई म्हणत, रोज त्याची पट्टी बदलायच्या. त्या स्वतः फौजेतल्या अधिकारी. खांद्यावर तारे होते, तरी खाटेवरच्या माणसाशी बोलताना त्या जमिनीवर उकिडव्या बसत. सुताराला ते बघवेना. हात जरा वळू लागताच त्यानं मला बनवायला घेतलं. पण हात थरथरला आणि एक पाय आखूड कापला गेला.

"सिस्टरबाई, चुकलं. उद्या नीट करून देतो."

"राहू दे रे. ड्युटीवर पेंग आली तर हेच मला पाडेल."

मी तसाच राहिलो.

पुढे सिस्टरबाईंनी फौज सोडली आणि शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नोकरी धरली. ट्रंकेवर बांधून मलाही नेलं. पहिल्याच दिवशी मोठे डॉक्टर हसले.

"सिस्टर, आमच्याकडे सामानाची टंचाई आहे असं वाटलं का तुम्हाला?"

"तसं नाही, साहेब. उभ्यानं विचारलं तर पेशंट 'बरंय' म्हणतो. बसून विचारलं की खरं सांगतो."

"असं? बघू तरी." डॉक्टर माझ्यावर बसले आणि असे डुलले की शेजारच्या खाटेवरचे आजोबा पोट धरून हसले. आठवडाभरात ते पहिल्यांदाच हसले होते.

मित्रांनो, तो माझा सुखाचा काळ. कुणाचं ऑपरेशन ठरलेलं असायचं, कुणाला भेटायला कुणीच येत नसायचं. सिस्टरबाई मला खाटेजवळ ओढत आणि म्हणत, "हं, बोला आता." त्या मेट्रन झाल्या, केस पिकले, पण ही सवय गेली नाही. नव्या मुली कामावर आल्या की त्यांना आधी माझ्यावर बसायला शिकवत. त्या मुली मला 'बाईंचं सिंहासन' म्हणायच्या. नंतर चाकांच्या खुर्च्या आल्या. मला कोपऱ्यात ढकललं, माझ्यावर बादली ठेवली, ओला पोछा वाळत घातला. बाई मात्र येता-जाता बादली उतरवून ठेवत. निवृत्तीच्या दिवशी दवाखान्यातल्यांनी "भेट काय देऊ?" असं विचारलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

असा मी त्यांच्या घरी आलो. त्यांचे यजमान गॅरेजमधले मेकॅनिक. आयुष्य इंजिनांच्या आवाजात गेलेलं, त्यामुळे साधं 'चहा झाला का' विचारलं तरी गल्लीला ऐकू जाई. ते माझ्यावर चढून दिवे बदलायचे. "अहो, चपला तरी काढा!" सिस्टरबाई ओरडायच्या. मग त्या आजारी पडल्या. यजमान दारात उभे राहून विचारू लागले, "बरंय ना?"

"बसा हो आधी," त्या म्हणाल्या. तेव्हापासून शेवटच्या दिवसापर्यंत ते माझ्यावर बसले. किती बोलले दोघं! लग्नानंतर इतकं बोलले नव्हते, असं सिस्टरबाईच म्हणाल्या.

त्या गेल्या. यजमानांनी मला धुऊनपुसून चकचकीत केलं आणि माझ्यावर त्यांचा फोटो ठेवला. आखूड पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली. मान मोठा मिळाला, पण मी जड झालो. माझ्यावर बसायचं कुणी?

त्यांची लेक राहायला आली होती. दिवसभर आईच्या खोलीत पडून असायची. ताट तसंच परत यायचं. यजमान दारात उभे राहून विचारायचे, "बरंय ना?"

"बरंय, बाबा."

रोज हेच. मला कळत होतं, हे उभ्या माणसाला दिलेलं उत्तर आहे. आई गेली आणि आता हे दोघंही एकमेकांना हरवणार, अशी मला भीती वाटू लागली. पण लाकडाला तोंड कुठलं?

एका सकाळी नेहमीचं "बरंय, बाबा" ऐकून यजमान वळले आणि फोटोसमोर थबकले. मग हातोडी आणली, भिंतीत खिळा ठोकला, फोटो टांगला. मला उचलून लेकीच्या खाटेजवळ ठेवलं. पुठ्ठा तिथंच राहिला.

ते बसले. डुलले. लेकीनं डोळे उघडले.

"बाबा, पडाल!"

"पडत नाही. तुझ्या आईनं इतकी वर्षं तोल सांभाळला." मग ते हळू आवाजात म्हणाले, "हं. बोल आता."

लेक उठून बसली. "बरं नाहीये, बाबा. संध्याकाळ झाली की आईला फोन लावायला हात जातो."

"माझ्या हातूनही दोन कप चहा होतो अजून," ते म्हणाले. मग दोघंही रडली आणि मी डुलत राहिलो.

मित्रांनो, माझ्यावर फुलदाणी ठेवू नका, फोटो ठेवू नका. मला पॉलिशही नको. तुमच्या घरात कुणी पडून असेल, तर मला तिथं ओढून न्या आणि बसा. आणि माझा आखूड पाय दुरुस्त करू नका. तो सिस्टरबाईंनी तसाच ठेवला आहे.