भंडाऱ्याचा अबोला

शांतवन अमोलिकांनी बहुतेक नगर जिल्ह्यातच, अडतीस वर्षं पाळक म्हणून उपदेश केला, आणि निवृत्त झाल्यावर त्यांच्या वाट्याला काम आलं ते गप्प बसायचं. अमिरातीतल्या फुजैरा बंदराबाहेरच्या समुद्रात जी जहाजं महिना महिना नांगर टाकून पडलेली असतात, त्यांवरच्या खलाशांना भेटायचं, सिमकार्ड द्यायची, त्यांचं ऐकून घ्यायचं. धर्माचा विषय आपण होऊन काढायचा नाही, हा चर्चच्या खलाशी-सेवेचा पहिलाच नियम. पाळकसाहेबांना तो मनापासून पटला होता; पाळायला तेवढा जड जाई. ते सलग किती वेळ गप्प बसतात हे त्यांच्या पत्नी मनोरमाबाई मनातल्या मनात मोजत. आजवरचा उच्चांक सहा मिनिटं, आणि त्यातली दोन मिनिटं साहेब खोकत होते.

बाईंचंही काही कमी नव्हतं. बाहेर चव्वेचाळीस डिग्री तापमान असताना त्या एसीखाली बसून खलाशांसाठी लोकरीच्या टोप्या विणत.

"अगं, या उन्हात टोपी कोण घालणार?"

"जहाज काय इथंच राहणार आहे? उद्या नॉर्वेला गेलं म्हणजे?"

त्या मंगळवारी सकाळी एका लहान टँकरच्या कॅप्टनचा मेसेज आला. जहाजावरचा भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, पंधरा दिवस कुणाशी धड बोलत नव्हता आणि तिन्ही त्रिकाळ नुसती खिचडी रांधत होता. 'माणूस तुमच्याकडचा आहे, प्लीज या,' असं कॅप्टननं लिहिलं होतं.

दहा वाजता हम्मादची लाँच धक्क्यावर तयारच होती. "यल्ला, बाबा, यल्ला!" अशी अरबीत घाई करत त्यानं दोघांना लाइफ जॅकेटांत कोंबलं. अर्ध्या तासानं ते टँकरच्या शिडीनं वर चढले तेव्हा साहेबांचा चेहरा पिवळा पडला होता. एवढ्या वर्षांत समुद्र त्यांना कधी मानवला नाही.

भंडारी कमरुद्दीन दाभोळचा, चाळिशीतला. मराठी ऐकून त्यानं दोन खुर्च्या पुसून दिल्या, आणि हळूहळू बोलता झाला. घरी न विचारता त्यानं नोकरीची मुदत तिसऱ्यांदा, सहा महिन्यांनी, वाढवून घेतली होती. बायकोला, सुरैय्याला, फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मग तिकडंच ऱ्हावा." यानं रागानं फोन आपटला. तो दिवस आणि आजचा दिवस. ती फोन करत नव्हती, हा करत नव्हता.

"आता मी का करू?" कमरुद्दीन म्हणाला. "बोलली ती."

मनोरमाबाईंनी घड्याळाकडं पाहिलं. साहेब चार मिनिटं टिकले.

"हे बघ कमरुद्दीन," त्यांनी सुरुवात केली, "संसारात क्षमा ही..."

कमरुद्दीनचा चेहरा शाळेत फळ्याकडं बघणाऱ्या पोरासारखा झाला. बाईंना राहवलं नाही. "अहो, ते असू दे. त्याला सिमकार्ड तरी द्या. पिशवी कुठंय?"

साहेबांनी पिशवी पुढं केली. बाईंनी हात घातला तर आत भेंडी. दुपारच्या भाजीची, कोवळी, दोन किलो.

"मी हिरव्या बंदांची म्हणाले होते!"

"तू म्हणालीस दाराजवळची."

"दाराजवळची हिरव्या बंदांची!"

"हिरवं मला या चष्म्यातून काळं दिसतं, हे तुला माहीत आहे."

"मिरजेला माझी ट्रंक गाडीतच ठेवून उतरलात तेव्हा तर चष्मा नव्हता!"

"छत्तीस वर्षं झाली त्या ट्रंकेला!"

"त्यात माझ्या आईची पैठणी होती!"

कुणीतरी हसल्याचा आवाज आला. कमरुद्दीन भिंतीला टेकून, तोंडावर टॉवेल धरून हसत होता.

"तुमी रोज असंच भांडता?" त्यानं विचारलं.

"रोज कुठं? रविवारी साहेबांना वेळ नसतो," बाई म्हणाल्या.

"आनि बोलनं कधी बंद नाय पडलं?"

 मग मनोरमाबाईंनी सांगितलं. चर्चनं त्यांना पाच वर्षं अंदमानात पाठवलं होतं. तिथल्या एका लहानशा बेटावर एकदा नऊ दिवस त्यांचा अबोला होता. कारण आता दोघांनाही आठवत नाही. बेटावर तिसरं मराठी माणूस नव्हतं. चौथ्या दिवशी बाई कोंबड्यांशी बोलायला लागल्या. सातव्या दिवशी साहेब खिडकीत उभे राहून त्याच कोंबड्यांना रागावताना दिसले. रोख अर्थातच बाईंवर होता.

"मग आधी बोललं कोन?"

"मी," दोघं एकदम म्हणाले, आणि एकमेकांकडं रागानं पाहू लागले.

कमरुद्दीन हसला नाही. टॉवेल खांद्यावर टाकून तो पुढं आला. मग म्हणाला, "मावशी, तुमचा फोन देता काय? माझा नंबर बघून ती उचलायची नाय."

बाईंनी फोन दिला. पलीकडून "हॅलो" आलं. कमरुद्दीन नुसतं "मी" म्हणाला.  आणि मग सुरैय्याच्या आवाजाचा असा धबधबा कोसळला, की साहेबांनी ऐकायला मान पुढं काढली. बाईंनी त्यांना दंडाला धरून डेकवर ओढून नेलं.

"काय म्हणते ते तरी ऐकू दे."

"ऐकायला चाळीस वर्षं मी होते, तेव्हा नाही ऐकलंत."

चाळीस मिनिटांनी, हम्माद खालून भोंगा वाजवून वाजवून दमला तेव्हा, कमरुद्दीन बाहेर आला. डोळे लाल होते. "सहा महिन्यांचे तीन करायला सांगते," तो म्हणाला. "कॅप्टनला आत्ताच सांगतो. आनि पुढच्या खेपेला आधी विचारायचं, म्हनते." मग लाजत पुढं म्हणाला, "ती भेंडी ठेवली तर चालंल? दोन महिने ताजी भाजी बघितली नाय."

परतताना साहेबांनी लाँचचा कठडा घट्ट धरला होता. बोलायचं त्राण नव्हतं. मनोरमाबाईंनी त्यांच्या पाठीवर हात फिरवला, आणि ही संधी साधून ट्रंकेचा राहिलेला भागही सांगून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता फोन वाजला. नंबर दाभोळचा.

"मावशी, मी सुरैय्या. काल तुमच्याच फोनवरनं बोलले ना ते? खरं सांगा, जेवतात ना नीट? आनि वाळले काय? मला तर काय सांगतच नाय तो मानूस. आधीपासनं तसलाच, लग्नात सुद्धा..."

साहेब चहाची वाट बघत होते. बाईंनी त्यांना हातानंच स्वयंपाकघराचा दरवाजा दाखवला.

"सांग बाई," त्या म्हणाल्या, आणि खुर्ची खिडकीशी ओढून ऐसपैस बसल्या. "अगदी पहिल्यापासून सांग."