बाईंचा पाय

ट्रायलला निघालो की गाडीच्या मालकाला मी शेजारी बसू देत नाही. मालक बोलत बसतो आणि इंजिन काय सांगतंय ते ऐकू येत नाही. विजापूर रोडला माझं गॅरेज टाकून तीस वर्षं झाली. खाजाभाई नुसत्या कानानं फॉल्ट पकडतो, हे अख्ख्या सोलापूरला माहीत आहे. निदान मला तरी तसं वाटायचं.

गेल्या वर्षी हेमावतीबाई गाडी घेऊन आल्या. या बाईंनी माझ्या यास्मीनला तिसरीत शिकवलं. रिटायर झाल्यावर हट्टानं गाडी शिकल्या आणि दर रविवारी अक्कलकोटच्या अलीकडं, आईच्या गावाला एकट्या जायला लागल्या. आई, निंगव्वा, अंथरुणाला खिळलेली. तिला न्हाऊ घालायचं, वेणी घालायची, दोन घास भरवायचे आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं. आठवड्यातला तेवढा एक दिवस बाई स्वतःचा म्हणायच्या.

"खाजाभाई, मधीच गाडीचा जीव जातोय बघा," बाई म्हणाल्या. "पाय पूर्ण दाबला तरी पळत न्हाय. मागनं ट्रकवाला हॉर्न मारतोय, अन् ही आपली वीसवर. जरा वेळानं आपोआप पळती की."

बाईंना चहा मागवला आणि मी एकटाच निघालो. बाई ठेंगण्या, मी ताडमाड. सीट मागे ढकलून बसलो आणि कुंभारीपर्यंत जाऊन आलो. गाडी एकदाही अडखळली नाही. तरी प्लग बदलले, फिल्टर बदलला, पाठवून दिली. आठ दिवसांत बाई पुन्हा दारात. पेट्रोलचा पंप बदलला. दुसऱ्या गॅरेजमधून स्कॅनर आणून लावला, त्यातही काही नाही. पुन्हा ट्रायल, पुन्हा गाडी झकास. तिसऱ्यांदा बाई आल्या तेव्हा मुलगा प्रभुलिंगही बरोबर होता, आणि माझं डोकं तापलं होतं. सापडत नाही त्या गोष्टीचा मला राग येतो आणि तो समोरच्या माणसावर निघतो. माझ्या बायकोला, कमरबीला विचारा, ती सांगेल.

बाई समोर उभ्या असताना मी त्यांच्या मुलाशी बोललो.

"गाडीत कायबी न्हाय. बाईंचा पाय ब्रेकवर ऱ्हातोय, मग गाडी पळंल कशी? वय झालं की आता."

"मी ब्रेकवर पाय ठेवत नाही," बाई म्हणाल्या.

"ठेवणाऱ्याला कळत न्हाय, बाई," मी हसून म्हणालो. प्रभुलिंगही हसला. त्यानं किल्ली माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच्या खिशात टाकली.

त्यानंतर गाडी तोच चालवायचा. तोही माझ्यासारखाच उंच. गाडी कधी अडखळली नाही, त्यामुळे माझंच खरं ठरलं. बाईंना गावाला जायचं तर त्याला सुट्टी हवी. म्हणजे महिन्यातून एकदा, कधी तेही नाही.

आठ महिन्यांनी बाईंची सून शिवानी गाडी शिकली आणि एका दुपारी गॅरेजला आली. "खाजाभाई, मधीच पिकअप जातोय." माझं मनगट मुरगळलं होतं, पट्टी बांधलेली. नाइलाजानं तिला म्हटलं, तूच चालव, मी बसतो. पोरगी बाईंच्याच उंचीची. सीट पार पुढं ओढलेली. सैफुल वस्तीच्या पुढं एक खड्डा आला, गाडी आपटली आणि इंजिन मलूल झालं. मी खाली वाकून पाहिलं. शिवानीचा पाय ॲक्सिलरेटरवर पूर्ण दाबलेला होता आणि ब्रेक मोकळा होता.

गॅरेजला येऊन सीट काढली. खालून पेट्रोलच्या पंपाकडं वायर जाते. सीट पुढं ओढली की सीटखालची लोखंडी पट्टी तिच्यावर घासत होती. आतली तार उघडी पडली होती. खड्ड्यात सीट दबली की पंपाला करंट कमी पडायचा. मी दर वेळी ट्रायल घेतली आणि दर वेळी बसता बसता फॉल्ट स्वतःच्या हातानं मागे सारला.

वायर बदलली आणि मनगट बरं झाल्यावर रविवारी गाडी घेऊन बाईंच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. माफी मागितली. असं मी आयुष्यात किती वेळा केलंय, ते बोटावर मोजता येईल. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि किल्ली घेतली. मी शेजारी बसलो. गल्लीच्या तोंडापर्यंत गाडी छान चालली. मोठ्या रस्त्याला लागायच्या आधी बाईंनी ती कडेला घेतली.

"गाडी चांगली झाली, खाजाभाई," त्या म्हणाल्या. "पर आठ महिने मी रोज माझ्या पायाकडंच बघत बसले. आता मलाच त्याचा भरवसा वाटंना."

मी खूप समजावलं. बाई उतरल्या आणि माझ्या बाजूला येऊन दार उघडून उभ्या राहिल्या.

गावाला मीच नेलं. निंगव्वा खाटेवर पडून होती. लेकीचा हात धरून तिनं कन्नडमध्ये काहीतरी विचारलं. बाई नुसत्याच तिचे केस मागे सारत राहिल्या. मग म्हातारीनं मान वळवून मलाच मराठीत विचारलं, "गाडी हिनंच आणली न्हवं?"

"व्हय आजी," मी म्हणालो, "बाईंनीच आणली."

म्हातारी बोळकं पसरून हसली. बाईंनी माझ्याकडं पाहिलं नाही.