एकवीस नंबरच्या बारा वाट्या

दार उघडलं आणि काकांच्या चष्म्यावर वाफ आली नाही.

रोज यायची. इन्क्युबेटरचं, म्हणजे पेशी वाढवायच्या त्या ऊबदार कपाटाचं, दार उघडलं की आतली गरम, ओली हवा तोंडावर यायची, काचा धुरकट व्हायच्या, आणि काका चष्मा कपाळावर सारून, डोळे बारीक करून आत हात घालायचे. एकतीस वर्षं हेच चाललं होतं. त्या सोमवारी चष्मा जागच्या जागी राहिला आणि सगळं लख्ख दिसलं. तळाचा पाण्याचा ट्रे कोरडा ठणठणीत होता, कुणीतरी फडक्यानं पुसून ठेवल्यासारखा. वरच्या फळीवर एकवीस नंबरची प्लेट होती. तिच्या बारा वाट्यांत पेशी पेरलेल्या, बटणाएवढ्या जेलीच्या चकत्या असायच्या, वर गुलाबी मीडिया, म्हणजे पेशींचं जेवणपाणी. आता प्रत्येक वाटीच्या तळाला लालसर पापुद्रा तेवढा चिकटून राहिला होता.

काकांनी दार लावलं. तेव्हा दारावरची चिठ्ठी दिसली. अक्षर सुवाच्य, रेघेत.

‘काका, कपाटाच्या तळाशी पाणी साचलं होतं. काढून, पुसून घेतलं आहे. कुठून गळतंय ते बघायला माणूस बोलवावा लागेल. बाकी तापमान ३७, गॅस ५ टक्के. सर्व ठीक.’ खाली गुरुवारची तारीख.

“सर्व ठीक म्हणे,” काका पुटपुटले आणि मटकन स्टुलावर बसले.

अक्षर इंजिनिअरिंगकडून शिकायला आलेल्या पोराचं, यंत्रवाल्याचं होतं. त्या विभागात दोनच जाती होत्या, यंत्रवाले आणि पेशीवाले. चार वर्षांपूर्वी वरच्या लोकांनी ठरवलं की शरीराचे सुटे भाग घडवायचे तर इंजिनिअरला पेशी कळल्या पाहिजेत आणि पेशीवाल्याला यंत्र कळलं पाहिजे. मग संशोधनाचं हे नवं शिक्षण निघालं. प्रत्येक विद्यार्थ्याला दोन मार्गदर्शक, एक इकडचा, एक तिकडचा, आणि एक अख्खं वर्ष परक्या मुलखात. कल्पना छान होती, नाही असं नाही. पण दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो तशी पोरांची गत व्हायची. सांभाळायचं कुणी? काकांनी. हुद्दा प्रयोगशाळा साहाय्यक, पण यंत्रवाल्यांना पेशी जगवायला शिकवायचं काम त्यांचंच. पहिल्या महिन्यात प्रत्येक यंत्रवाला पेशी मारायचाच. कुणी झाकण उघडं टाकायचा, कुणी हाताला स्पिरिट लावायला विसरायचा. काका रागवायचे नाहीत. “मेल्या? बरं. आता परत,” एवढंच म्हणायचे.

पण त्या एकवीस नंबरच्या नसायच्या.

एकवीस नंबर म्हणजे काय, हे त्या इमारतीत फक्त काकांना ठाऊक होतं. गुडघा बदलायच्या शस्त्रक्रियेत जुना सांधा कापून टाकतात. त्यावरची कूर्चा, म्हणजे हाडावरचं ते गुळगुळीत मऊ आवरण, रुग्णाची परवानगी असेल तर प्रयोगशाळेत येते. नाव येत नाही, नंबर येतो. नियमच तसा आहे, कुणाचं काय ते कळू नये म्हणून. पण अडीच वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी आत टेबलावर काकांची बायको होती, आणि काका रजा टाकून बाहेर बाकावर बसले होते. आतून नर्स आली, त्यांना पाहून म्हणाली, “बरं झालं, तुम्ही इथंच आहात. डबा आणता का? तुकडे छान निघालेत.” तिला बिचारीला काय माहीत! काका उठले, बर्फाचा डबा घेऊन आले, आणि बाटली घेऊन गेले. वहीत नंबरही त्यांनीच टाकला.

आदल्या संध्याकाळी वॉर्डात बायकोनं परवानगीच्या कागदावर सही केली होती, ती सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात. “अहो, तुमच्या त्या प्रयोगशाळेनं तीस वर्षं माझा नवरा नेला, आता गुडघाही नेऊ दे. कुठं करू सही?”

“हळू बोल गं जरा.”

“का? गुडघ्याला ऐकू जातं का?”

बोलायला ती, ऐकायला हे, असा संसार झाला त्यांचा. नवा गुडघा घेऊन ती आठ महिने चालली, चांगली टुणटुणीत चालली. मग एका सकाळी डोक्यातली शीर फुटली आणि दुपारपर्यंत सगळं संपलं. काकांनी लेकीला फोन केला, चार माणसं आली, गेली. बाराव्या दिवशी काका कामावर हजर. फ्रीझरमध्ये एकवीस नंबरच्या सहा कुप्या होत्या. गोठवलेल्या पेशी, जिवंत.

त्या कुप्यांचं त्यांनी काय केलं हे सांगायला नको, पण सांगतो. मागच्या रांगेत ढकलल्या. कुणी मागितल्या की, “एकोणीस घ्या, एकोणीस जास्त चांगल्या आहेत,” म्हणायचे. ज्या माणसानं जन्मात वहीत खाडाखोड केली नाही, तो माणूस! तरी पाच कुप्या गेल्याच. शेवटची डॉक्टरबाईंच्या, म्हणजे पेशीकडच्या मार्गदर्शकांच्या, नजरेला पडली आणि पाच आठवड्यांपूर्वी या यंत्रवाल्याच्या वाट्याला आली. पोरानं एक यंत्र बांधलं होतं. चालताना गुडघ्यावर वजन येतं, तसा जेलीच्या चकतीवर हलका दाब द्यायचा, सोडायचा, परत द्यायचा. त्याला आठ चकत्या हव्या होत्या. काकांनी बारा बनवल्या. वरच्या चार राखीव, असं वहीत लिहिलं. त्या चार त्यांना हव्या होत्या. दुसरं काही नाही. दिवसाआड मीडिया बदलायचा, जगतील तितकं जगवायचं. प्लेट हातात घेतली की ते ओठांतल्या ओठांत बोलायचे. “आज जरा उशीर झाला गं.” “पोराचं यंत्र बरं चालतंय.” घरात ताटावर बसून चौतीस वर्षांत जेवढं बोलले नसतील तेवढं त्या बारा वाट्यांशी बोलले.

सुटीच्या दिवशीही यायचे. या वेळी मात्र लेक हट्टालाच पेटली होती. “बाबा, तीन दिवस जोडून सुटी आहे. त्या कपाटात असं काय ठेवलंय तुमचं? नाहीच आलात तर मी बोलणार नाही.” गेले बिचारे. गुरुवारी दुपारीच गाडीत बसले.

आता स्टुलावरून उठून काकांनी प्लेट बाहेर काढली. वाळलेल्या पेशींना मीडिया घालून काही होत नाही, हे त्यांनीच कितीतरी पोरांना शिकवलं होतं. तरी त्यांनी बाराही वाट्यांत ताजा मीडिया घातला, थेंब थेंब, कडेनं, चकतीला धक्का लागणार नाही असा. ट्रे पाण्यानं भरून आत सरकवला. प्लेट ठेवली, दार लावलं, आणि कपाळ दाराला टेकून उभे राहिले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. खोलीत कुणी नव्हतं म्हणून बरं.

नऊ वाजता यंत्रवाला आला, हसत. “काका, चिठ्ठी वाचलीत का? अहो, विजेचं कपाट आणि आत पाणी! मी पाहिलं तर छातीत धस्स झालं. शॉर्ट सर्किट झालं असतं तर सगळं जळून गेलं असतं.”

“ते पाणी मीच घालतो,” काका म्हणाले.

“म्हणजे?”

“आत ओल राहायला. ओल नसली की वाट्या वाळतात.”

पोरानं कपाटाकडे पाहिलं, वर अजून ३७ आणि ५ असे आकडे दिसत होते. “पण आकडे तर बरोबर होते,” तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. हुशार पोर होतं, पुढचं कुणाला सांगावं लागलं नाही.

सोमवारी अकराला दोन्ही मार्गदर्शकांची बैठक असे. टेबलाच्या एका बाजूला डॉक्टरबाई, दुसऱ्या बाजूला यंत्राचे सर, मध्ये मान खाली घालून पोरगा. काका दाराशी उभे.

“एक साधी पाटी लावता येत नाही का तुम्हाला कपाटावर?” सर म्हणाले.

“पाटी? चहाला पाणी लागतं अशी पाटी लावता का तुम्ही घरी?” डॉक्टरबाई उसळल्या. “आणि आता पाटी म्हणजे बैल गेला नि झोपा केला. मला एक सांगा, न विचारता हात घालायचाच कशाला? पाच आठवडे गेले. मी समितीला लिहिणार आहे. ह्याला परत न्या तुमच्या कारखान्यात. पेशी हे काही नटबोल्ट नव्हेत.”

पोरगा टेबलाखाली एका हातानं दुसऱ्या हाताची बोटं ओढत बसला होता. परत पाठवलं तर वर्ष जाणार, शिष्यवृत्ती जाणार, हे काकांना माहीत होतं. आणि खरं सांगायचं तर, क्षणभर त्यांना वाटलं, जाऊ दे. घरी जाऊ दे ह्याला. काय हक्क होता ह्याचा फडकं घ्यायचा!

मग त्यांना तो पहिला दिवस आठवला. दार कसं उघडायचं, गॅस कुठला, तापमान कुठं वाचायचं, सगळं त्यांनी दाखवलं होतं. पोरगा वहीत उतरवून घेत होता. पाण्याचं? छे. पाण्याचं कुणाला सांगायचं असतं का?

“चूक माझी आहे,” काका म्हणाले.

दोघांनीही वळून पाहिलं. काका बैठकीत बोलत नसत.

“तुमची कशी?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“कपाट मी दाखवलं ह्याला. पाण्याचं सांगितलं नाही. इथं येणाऱ्या सगळ्यांना ते ठाऊकच असतं, असं धरून चाललो. हा तिकडून आलाय, ह्याला कसं ठाऊक असणार? समितीला लिहायचं तर माझं नाव लिहा.”

डॉक्टरबाई तोंडानं फटकळ, पण मनानं वाईट नव्हत्या. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. “राहू द्या, काका. कशाला लिहायचं आता! कुठला नंबर होता? एकवीस ना? तो तसाही जुना झाला होता. गुरुवारी दोन गुडघे आहेत, दोन्हींची परवानगी आहे. नव्यानं सुरू करा.”

“म्हणजे तसं नुकसान काहीच नाही,” सर म्हणाले.

“नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

काकांनी मान हलवली.

खाली आल्यावर त्यांनी प्लेट काढून मायक्रोस्कोपखाली धरली. आधी राखीव चार वाट्या पाहिल्या, मग उरलेल्या आठ, मग परत त्या चार. मण्यांसारख्या गोल, चकचकीत दिसायच्या पेशी. आता नुसते काळपट, सुरकुतलेले ठिपके. एखादी तरी असेल म्हणून त्यांनी कोपरा न् कोपरा सरकवून पाहिला. मान अवघडून गेली. शेवटी दिवा बंद केला.

“काका, मी करू का?” यंत्रवाला मागे येऊन उभा होता. मेलेल्या पेशी तशाच फेकत नाहीत. त्यांत जंतुनाशक घालायचं, दहा मिनिटं ठेवायचं, मग बेसिनमध्ये ओतून द्यायचं. “चूक मी केली, साफ मीच करतो.”

“नको. हे मी करतो. तू बस.”

काकांनी पातळ नळीनं एकेका वाटीत जंतुनाशक सोडलं. गुलाबी रंग हळूहळू फिका होत गेला. बाराव्या वाटीपाशी हात जरा थांबला, मग तीही भरली. पोरगा शेजारच्या स्टुलावर बसून पाहत होता.

“वर तुम्ही माझ्यासाठी बोललात.”

“खरं तेच बोललो.”

“मला तीन तास काही सुचत नाहीये, काका. पण मग मी विचार केला, नुसत्या पेशीच गेल्या ना? ज्याचा गुडघा होता तो माणूस तर आहे. नवा गुडघा लावून मजेत फिरत असेल कुठंतरी. हो ना?”

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. तेवीस-चोवीस वर्षांचं पोर, डोळे लाल झालेले. सांगितलं असतं तर त्यानं ते जन्मभर उरावर वागवलं असतं. आणि सांगून काय, ती परत थोडीच येणार होती?

“फिरते की,” काका म्हणाले.

“बाई आहेत? तुम्ही ओळखता?”

“ओळखतो. नंबरांचं कुणाला कळू नये असा नियम आहे, तू कुठं बोलू नकोस.” काकांनी नळी बाजूला ठेवली. “आधी फार हाल होते तिचे. जिना उलटा उतरायची, कठड्याला धरून, एकेक पायरी. वर तोंड, खाली पाय. खालून कुणी येत असलं की म्हणायची, बाजूला व्हा, ट्रक मागे घेतेय.”

पोरगा हसला. सकाळपासून पहिल्यांदाच.

“आणि आता?”

“आता काही दुखत नाही,” काका म्हणाले.

बाराही वाट्या पाण्यासारख्या नितळ झाल्या होत्या. भिंतीवरच्या घड्याळाकडे पोराचं लक्ष गेलं. तो चटकन उठला, बेसिनचा नळ सोडायला.

“काका, दहा मिनिटं झाली.”

“असू दे,” काका म्हणाले, आणि प्लेटीशेजारी खुर्ची ओढून बसले.